दुतोंड्या मारुती आणि विम्याची रक्कम

नाशिकच्या सराफ बाजारातील व्यापाऱ्यास पुराचा अंदाज घेण्यासाठी पंचांग पाहावे लागत नाही. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून भांडी बाजार आणि कापड पेठेतील माल वरच्या मजल्यावर जातो. 1969, 2008, 2016 आणि 2019 या साली हा मापदंड खराच ठरला. मात्र पुष्कळदा नदी येण्याआधीच सरस्वती नाल्याचे पाणी तुंबून दुकानात शिरते, आणि त्याची सूचना मारुतीरायाही देत नाही.

विमा कंपन्या हेच अनुमान गणिताने करतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा शंभर वर्षांतील. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द मोठे फसवे आहेत. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असे नव्हे. दर वर्षी शक्यता तीच, चार टक्के. निळ्या रेषेवरील पेढी पंचवीस वर्षे चालली, तर त्या काळात किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता सुमारे 64 टक्के भरते. दोन पिढ्यांच्या व्यापारात ही जोखीम टळेल असे मानणे धाडसाचेच.

खरा घोटाळा होतो तो विमा रकमेत. दुकानात 80 लाखांचा माल, हप्ता वाचावा म्हणून विमा 50 लाखांचा, आणि पुरात 16 लाखांचे नुकसान. व्यापाऱ्यास वाटते, 16 लाख तर 50 लाखांच्या आतच आहेत. सरासरीच्या कलमानुसार मात्र भरपाई त्याच प्रमाणात घटते आणि हाती येतात 10 लाख. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून आणलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या विमापत्रात (एका ठिकाणची जोखीम 5 कोटींपर्यंत) पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे; वरील उदाहरणात ती साडेसदतीस टक्के भरते. त्यातच गोदावरीचे पूर येतात श्रावण-भाद्रपदात, नेमका दिवाळीचा माल भरला जात असताना. वर्षारंभी नोंदविलेली रक्कम तोवर तोकडी पडलेली असते. ती वाढवून घेण्यास एक पत्र आणि थोडा जादा हप्ता पुरतो.

परिग्रहपरिमाण व्रत घेणाऱ्या श्रावकास आपल्याजवळ काय व किती आहे हे आधी मोजावेच लागते. विम्याची मागणीही तीच. आणि पूर ओसरल्यावर भिजलेल्या मालाच्या यादीत न भिजलेले चार तागे घालण्याचा मोह झाला, तर तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया स्पष्ट सांगितली आहे. कायद्यानेही अशा एका खोट्या ओळीमुळे सगळा दावा बुडू शकतो.

नियमांचा जाच व्यापाऱ्यालाच होतो अशी तक्रार असते. पण 2024 च्या परिपत्रकाने कंपन्यांनाही बांधले आहे: दावा कळविताच 24 तासांत सर्वेक्षक नेमणे, 15 दिवसांत त्याचा अहवाल मिळविणे आणि अहवालानंतर 7 दिवसांत निर्णय देणे. त्यासाठी चिखल काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि साठावहीची प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. भिजलेल्या वहीवरून साठा सिद्ध करणे अवघड जाते. कंपनीने लेखी तक्रारीनंतरही दाद दिली नाही, तर लहान व्यापाऱ्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, आणि वकीलही लागत नाही.