पाणपक्ष्यांच्या दारी धरणे

मुंब्रा मागे पडले आणि गाडी दिव्याच्या रोखाने निघाली, की डाव्या हाताला खाडी दिसू लागते. कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्यांपैकी ज्याला खिडकी लाभते, त्याला चिखलात उभे राहिलेले बगळे रोज फुकट पाहायला मिळतात; बाकीच्यांच्या वाट्याला पुढच्याची पाठ! मौज अशी, की धडधडत जाणाऱ्या त्या लोखंडी धुडाकडे बगळा मान वळवूनही पाहत नाही. पण तुम्ही-आम्ही गळ्यात कॅमेरा अडकवून बांधावर उतरलो, की शंभर पावलांवरूनच स्वारी पंख पसरते. गाडी आपल्या वाटेने जाते, माणूस मात्र आपल्याकडे येतो, हे त्याला बरोबर कळते. पाणपक्ष्यांचे फोटो काढण्याचा सारा खटाटोप या एवढ्याशा भेदाभोवती फिरतो.

बगळा तरी उघड्यावर उभा राहतो. खरी कसोटी लागते ती गवतात दडून राहणाऱ्या मंडळींपाशी. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपटी उडवीत दोन पावले बाहेर येते आणि चाहूल लागताच नव्या नवरीसारखी आत पळते. पक्षीमित्रांनी तिचे नावच ‘लाजरी’ ठेवले आहे. पाणलावा अंगावरच्या रेघारेघांच्या जोरावर चिखलाचाच एक तुकडा होऊन बसतो. त्याचा भाईबंद रंगीत पाणलावा तर सगळा उलटा संसार करतो. तिथे नटूनथटून मिरवते ती मादी, आणि अंडी उबवून पिले वाढवतो तो बिचारा फिक्या रंगाचा बाप. सर्वांवर कडी करतो तो तापस. संकट दिसले, की चोच आभाळाकडे करून तो लव्हाळ्यात ताठ उभा राहतो, आणि वाऱ्याने लव्हाळा हलला तर त्याच्याबरोबर स्वतःही डोलतो. हे नाव ज्याने ठेवले त्याने त्या पक्ष्याला नीट पाहिले असले पाहिजे.

आता या मंडळींच्या जवळ जायचे कसे? जायचे नाही, हे पहिले उत्तर. त्यांनी आपल्याजवळ यावे अशा जागी आधी जाऊन बसायचे. खाडीवर हे काम भरती करते. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, शेकाटे दूरवर विखुरतात. तिथे ६०० मिलिमीटरचे भिंगही तोकडे पडते. पाणी चढू लागले, की हेच थवे हळूहळू काठाकडे सरकतात. तेव्हा पक्षी पाहायला निघणाऱ्याने कॅमेऱ्याच्या आधी पंचांग हाती घ्यावे. कोकणातल्या खलाशांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. षष्ठीला साधारण साडेचार, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी ठाण्याच्या खाडीत आत शिरायला आणखी थोडा वेळ घेते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, म्हणजे पाणी जेमतेम चढते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी दाखवायला ज्या होड्या निघतात, त्यांच्याही वेळा भरती पाहूनच ठरतात.

खाडी सोडून निळजे तलाव किंवा पडले गावाकडची पाणथळ शेते गाठली, तर तिथे भरती नाही. तिथे लपण हवे. मातकट रंगाचे कापड, चार काठ्या, बसायला पाट आणि भिंगापुरते भोक, इतक्यावर भागते. ते आदल्या दिवशीच उभारून ठेवले तर उत्तम, म्हणजे पक्ष्यांना त्याची सवय होते. आत शिरताना बरोबर एक स्नेही न्यावा. दोघे आत जावे, आणि थोड्या वेळाने स्नेह्याने मोठ्या ऐटीत, दिसेल असे निघून जावे. पक्षी समजतात, बला टळली! त्यांचे गणित कच्चे, हे आपले भाग्य. (निघून जाणाऱ्या स्नेह्याने परत न्यायला यायचे विसरू नये, एवढे त्याला बजावून सांगावे.)

लपणाची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडातले रिचर्ड आणि चेरी हे कीर्टन बंधू यॉर्कशायरच्या शेतकऱ्याची मुले. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांनी खऱ्या बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात उभे राहून पक्ष्यांचे फोटो काढले. एकदा आतल्या बंधुराजांसकट तो बैल उताणा पडला, आणि धाकट्याने आधी त्याचाच फोटो घेतला! आपल्याकडे डॉ. सालिम अलींचे सिंगापूरचे मित्र लोक वान थो दुसऱ्या महायुद्धामुळे मुंबईला येऊन राहिले आणि अलींच्या संगतीत नामांकित पक्षी-छायाचित्रकार झाले. त्यांच्या काळी फिल्म मोजून वापरावी लागे. आता सेकंदाला वीस फोटो निघतात, आणि मला वाटते, म्हणूनच थांबण्याची सवय मोडत चालली आहे.

लपण नसेल तर मोटारीतच बसून राहावे. दार उघडेपर्यंत पक्षी तिला माणूस समजत नाहीत. पायी जायचेच, तर सरळ रोखाने कधी जाऊ नये. तिरके चालावे, नजर दुसरीकडे ठेवावी, चार पावलांनी बसावे. पाठीवर सकाळचे ऊन असावे. शेवटी चिखलात पालथे पडून भिंग पाण्याच्या पातळीला आणावे. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ येते, पालथ्याने काढलेल्यात डोळा येतो. घरी कपडे धुणाऱ्या माउलीला हा फरक समजावणे मात्र अवघड. एकदा कल्याणच्या खाडीकाठी मी असा पडलो असताना जाळे घेऊन चाललेले एक कोळीबुवा थबकले आणि काळजीने म्हणाले, “दादा, काय हरवलंय का तुमचं?”

कॅमेऱ्याचे एकच वैगुण्य सांगतो, कारण पांढरे बगळे सगळ्यांचे याच कारणाने बिघडतात. काळ्या चिखलावर पांढरा बगळा असला, की यंत्र त्या काळोखाला उजळ करायला जाते आणि बगळा चुन्यासारखा सपाट उमटतो. प्रकाश एक-दोन टप्पे कमी केला, की पिसे न् पिसे मोजून घ्या. आणि उड्डाण टिपायचे, तर सेकंदाचा हजारावा भाग तरी ठेवावा. बगळा उडण्याआधी बहुधा शीट टाकून अंग हलके करतो. दिवाळी अंकात लिहू नये, पण ही सूचना ज्याने लक्षात ठेवली त्याचा नेम चुकत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. चरणारा पक्षी चरायचे थांबवून मान ताठ करतो, ती आपल्याला दिलेली नोटीस असते. तिथेच थांबावे. हिवाळ्यात येणाऱ्या यांतल्या कितीतरी चिमुकल्या पाखरांना मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशिया, सैबेरियापर्यंत परत जायचे असते. त्यासाठी अंगावर चरबी साठवायला ओहोटीचे मोजके तासच हाती असतात. उडताना फोटो छान येतो म्हणून दगड मारून थवा उठवणारे महाभाग मी पाहिले आहेत. भरतीच्या वेळी तर ती पाखरे काठच्या कोरड्या पट्ट्यावर विसावलेली असतात. तिथून उठवली तर त्यांनी टेकायचे कोठे? घरट्यांच्या तर वाटेलाच जाऊ नये. अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीतच धरले आहे. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बाहेर काढणे हाही मला फसवणुकीचाच प्रकार वाटतो.

टेकायच्या जागा आधीच आटत आहेत. ठाणे खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर भागाला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, आणि २०२२ साली तिचे नाव रामसर यादीत गेले. कांदळवने तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर बंदी घातली. पण गावाबाहेरच्या साध्या दलदलीला कोणी वाली नाही. रात्री राडारोड्याचा ट्रक येतो, आणि पुढच्या हिवाळ्यात पाणलाव्याच्या जागी इमारतीची पाटी उभी असते. अशा वेळी कोणी हौशी माणसाने काढलेला, तारीख-ठिकाण लिहून ठेवलेला एक फोटोच सांगू शकतो, की इथे पाणी होते आणि पाण्यावर बिऱ्हाड होते. म्हणून फोटो फसला तरी टिपणवहीत नोंद करावी; पाण्याची खोली, गवताची उंची, किती पक्षी, सगळे.

दिवाळीनंतर पाहुणे जमू लागतील. रोहितांची खरी गर्दी पुढे माघ-फाल्गुनात. पहिल्या खेपेसाठी मी द्वादशी सुचवीन : पाऊणपटीने भरती नवाला, म्हणजे पाणी चढत असताना ऊन पाठीवर आणि पाखरे समोर. सहाच्या आत जागा धरावी लागेल. एकादशीचा उपास असेल, तर पारण्याचा डबा बरोबर घ्या. तेवढा कागदाच्या पुडीत नको, कुरकुरतो.