सी ड्राइव्ह लाल झालाय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा!

फायनल इयरचं सबमिशन दोन दिवसांवर, बाहेर धो धो पाऊस आणि लॅपटॉपच्या सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, कुठेही राहत असा, हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. गंमत म्हणजे तुम्ही नवीन काहीच टाकलेलं नसतं. मग जागा खाल्ली कुणी?

जागा जाते कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते, यात दुकानदाराने तुम्हाला गंडवलेलं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यातच अपडेटसाठी विंडोज साधारण ७ जीबी आपल्याकडे राखून ठेवतं.

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि अनेकांनी विंडोज ११ घेतलं. अशा मोठ्या अपग्रेडनंतर जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये तशीच पडून असते. सहसा १० दिवसांनी ती आपोआप जाते. त्याआधी काढलीत तर मात्र जुन्या विंडोजवर परतायचा सोपा रस्ता बंद.

उरलेला पसारा आपलाच! डाउनलोड्समध्ये एकच पीडीएफ चार वेळा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आणि अँड्रॉइड स्टुडिओचे दोन-तीन एम्युलेटर, तेही प्रत्येकी काही जीबींचे.

मोकळी जागा हवीच का?

भोर घाट चढण्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. समजा, यार्डातल्या सगळ्या लाइनी डब्यांनी भरल्या, तर इंजिन हलवणार कुठून? एसएसडीचंही तसंच. ती लिहिते छोट्या 'पेज'मध्ये, पण पुसताना मोठा 'ब्लॉक' एकदम पुसते. त्या ब्लॉकमधला कामाचा डेटा आधी दुसऱ्या रिकाम्या ब्लॉकमध्ये हलवावा लागतो. रिकामे ब्लॉक कमी पडले की हलवाहलव वाढते, स्पीड पडतो आणि एसएसडीची झीजही वाढते. म्हणून १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. २५६ जीबीत हे झाले साधारण ४० जीबी.

शिवाय जागा नसली की अपडेट अडकतात, म्हणजे सिक्युरिटी पॅचही मिळत नाहीत. हे जास्त महागात पडतं.

काय कराल?

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने जा. कुणी किती जागा घेतली, ते तिथे स्पष्ट दिसतं. 'टेम्पररी फाइल्स'मधून अपडेटचा उरलेला कचरा काढा, पण डाउनलोड्सवर टिक आहे का, ते आधी बघा. तुमचा रिपोर्ट तिथेच असायचा! मग 'स्टोरेज सेन्स' सुरू करा, नेहमीची झाडलोट ते करत राहील. न वापरलेले एम्युलेटर अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमधूनच उडवा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा. नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटच गिळेल.

काय टाळाल?

'हायबरनेशन बंद कर, तीन जीबी वाचतील' हा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशेब बरोबर आहे, कारण ती फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. पण पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते तुम्हाला सांगायला नको. बॅटरी संपत आली की उघडं काम एसएसडीवर उतरवून लॅपटॉप बंद करायची सोय हीच. लॅपटॉपवर ती राहू द्या.

'विनएसएक्सएस' फोल्डर मोठा दिसला तरी हाताने डिलीट करू नका, विंडोजच कोलमडेल. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅगही नको. 'ट्रिम'चं काम विंडोज ठरलेल्या वेळी स्वतःच करतं.

या ट्रिमची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जुन्या हार्ड डिस्कमधून डिलीट झालेली फाइल बऱ्याचदा परत मिळायची. एसएसडीत ट्रिम झालं की ती आशा जवळपास संपते. त्यामुळे 'फॉरमॅट मार' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकण्याआधी प्रोजेक्ट आणि घरचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवा, दुसरी कॉपी क्लाउडवर ठेवा. दोन्हीकडून फाइल उघडतेय ना, ते तपासा. मगच डिलीटचं बटण दाबा.