उगवण पाहूनच पेरावे

मृग नक्षत्र तोंडावर आले, की निपाणी-चिकोडीकडील सुज्ञ शेतकरी सोयाबीनच्या पिशवीवरील निळी चिठ्ठी प्रथम पाहतो. प्रमाणित बियाण्याची ती खूण होय. पिशवीची शिवण व मोहोर शाबूत आहे की नाही, हेही तो तपासतो. तथापि तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. १०० दाणे मोजून तो ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. त्यांतील निदान ७० उगवले, म्हणजेच पेरणीस हात घालतो. चिठ्ठी खरी असली तरी दाणा आपण पाहावा, हे त्याला अनुभवाने शिकविले आहे.

हीच रीत आज एका निराळ्या शेतात आवश्यक झाली आहे. बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या गावोगावची मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्या-बंगळूरला नोकरीस जातात. संगणकाला काम सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात; मात्र ते हल्ली कोणी आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः लिहीत नाही. सुतार जशा बिजागऱ्या व कड्या बाजारातून आणतो, तद्वत इतरांनी रचलेले तयार भाग, ज्यांना पॅकेज म्हणतात, ते आणून जोडले जातात. बहुधा ते फुकटच मिळतात. परंतु कडीतच कोणी चोरवाट ठेवली असेल, तर दार कितीही भक्कम असून काय उपयोग?

घुसखोर सॉफ्टवेअर कोणत्याही वाटेने शिरो, ते काय करू शकते हे पुण्याने पाहिले आहे. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या अशाच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले.

पॅकेजच्या वाटेने होणारी फसवणूक कशी असते, ते पाहा. २०१७ साली एनपीएम ह्या पॅकेजांच्या प्रचंड भांडारात ‘क्रॉस-एन्व्ह’ ह्या लोकप्रिय पॅकेजशेजारी कोणी ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचे बनावट पॅकेज ठेवून दिले. फरक काय तो मधल्या एका आडव्या रेघेचा! जो घाईने नाव लिही, त्याच्या संगणकातील गुप्त माहिती परक्याच्या हाती पडे.

दुसरा प्रकार याहून विलक्षण आहे. ‘एक्सझेड’ हे माहिती आटोपशीर करून ठेवणारे पॅकेज जगातील असंख्य संगणकांत वापरले जाते. ते सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या मदतीला ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारा कोणी आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निष्ठेने काम केले, विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी नव्या आवृत्तीत चोरदार बसविले. मोहोर खरी, हात ओळखीचा. दाणा मात्र विषारी. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दिसले, की संगणकात प्रवेश मिळण्यास नित्यापेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्धा सेकंद म्हणून त्याने ते सोडून दिले नाही. शोध घेऊन २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले, आणि ते पॅकेज सर्वत्र पसरण्यापूर्वीच अनर्थ टळला.

म्हणून ह्या धंद्यातील तरुणांनी पॅकेजचे नाव अक्षर अन् अक्षर वाचावे. ते कोण सांभाळतो, नुकतेच हात बदलले आहेत काय, हे पाहावे. नवी आवृत्ती आली की लगेच न घेता प्रथम वेगळ्या संगणकावर चालवून पाहावी. त्या कामाशी संबंध नसताना ती कोठे संदेश धाडते काय, ह्यावर नजर ठेवावी. गोणपाटातील १०० दाणे ते हेच.

वाचकहो, ही गोष्ट केवळ नोकरदार मुलांची आहे असे समजू नका. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून किंवा शेतकरी योजनेचा अर्ज म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. लग्नपत्रिका हे चित्र असते, कागद असतो. एपीके हे तर फोनमध्ये बसणारे सॉफ्टवेअर आहे. ते बसविले, की बँकेकडून येणारे गुप्त अंक चोराला वाचता येतात, आणि ऊस-तंबाखूचे वर्षाचे पैसे घटकेत नाहीसे होऊ शकतात. धाडणारा आपला भाऊबंद असला तरी त्याचाच फोन चोराच्या हाती गेलेला असू शकतो. सबब आधी त्याला फोन करून विचारावे. पत्रिका दाखविण्यासाठी संदेश वाचण्याची परवानगी कशाला हवी, असा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

माणसांवर विश्वास ठेवल्यावाचून संसार चालत नाही, हे खरेच. पण उगवण पाहणारा शेतकरी बियाणे देणाऱ्याचा अपमान करीत नाही. तो आपले शेत राखतो.