गोवराची लस आणि मजुराचे मूल

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. धार जिल्ह्यातील कुक्षी, गंधवानी, डही या भिल्ल वस्तीच्या भागांची ओळख मात्र फार तर बाघच्या लेण्यांपुरती. गोवराच्या निर्मूलनाचे घोडे अडले आहे ते अशाच मुलखांत.

सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस होती. २०१० ते २०१३ या काळात मध्य प्रदेशासह मागे पडलेल्या १४ राज्यांत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोहीम झाली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये मध्य प्रदेशात गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली आणि वयोमर्यादा पंधरावर गेली.

परंतु जानेवारी हा महिना कोणी निवडला? खरिपाची कामे उरकली की येथील कितीतरी कुटुंबे पोराबाळांसह मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात. परिचारिका शीतपेटी खांद्याला लावून फळ्यावर पोचते, तेव्हा दाराला कडी असते. शाळेत जाणारे मूल एक वेळ सापडेल. नऊ महिन्यांचे तान्हे आईच्या पाठीवरच असणार, आणि आई वीटभट्टीवर! पहिली मात्रा मिळालीच, तरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची दुसरी हुकते ती हुकतेच. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांस लागण देऊ शकतो. शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्यावाचून तो हटत नाही. जिल्ह्याची सरासरी चांगली दिसत असताही एखादा फळा उघडा राहतो, आणि रोग नेमका तेथे शिरतो.

किनारपट्टीच्या वाचकांनी हे दूरचे दुखणे समजू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर उसळला आणि मुले दगावली. दवाखाने हाकेच्या अंतरावर असूनही तेथे अनेक मुले लसीवाचून राहिली होती.

निर्मूलनासाठी देशाने २०२६ हे साल ठरविले. आमच्या मते साल ठरविण्यापूर्वी पंचांग पाहावयास हवे होते. होळीपूर्वी भगोरियाच्या हाटांसाठी ही माणसे आवर्जून गावी परततात. टोचणीची पथके त्या हाटांत का बसू नयेत? उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागते हे खरे. तथापि एका मुलासाठीही ती उघडण्यास कोणी कचरू नये. कुक्षीत पहिली मात्रा घेतलेल्या मुलास दुसरी सुरतेच्या बांधकामावर मिळावी, यासाठी दोन्ही राज्यांनी मजुरांच्या मुलांची नोंद एकमेकांकडे धाडली पाहिजे. ठेकेदार मजुरांची मोजदाद ठेवतोच. पोरांचीही त्याच्याकडून घ्यावी.