ऊसबिलाची प्रोसीजर नेमकी कोणत्या टेबलांवर उभी आहे?

(एपिसोडचा लेखी उतारा. बोलण्यातलं थोडं गाळलंय, थोडं तसंच ठेवलंय. कमांड्स बोलून सांगितल्यात तशाच लिहिल्यात, म्हणजे एसटीत बसून मोबाइलवर वाचतानाही अडणार नाही.)

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण साखर कारखान्याच्या ईडीपी विभागात, दूध संघात किंवा पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना तो कधी ना कधी गाठतोच. नवीन पोरगा किंवा पोरगी कामाला लागते. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणतात, "वजन पावतीच्या टेबलमध्ये वाहन नंबरचा कॉलम मोठा करायचाय. ट्रॅक्टरच्या नंबराला ट्रॉलीचा क्रमांक जोडायचाय. बघ जरा, कुठं काय बिघडतंय का."

काम दहा मिनिटांचं वाटतं. पण त्या टेबलावर कोण कोण अवलंबून आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आणि ज्यानं ती सिस्टीम लिहिली तो केव्हाच पुण्याला गेलेला असतो.

आधी दोन शब्द स्टोअर्ड प्रोसीजरबद्दल. डेटाबेसच्या आतच साठवून ठेवलेला, नाव दिलेला कोड म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर. बाहेरून नुसतं नाव घेऊन हाक मारायची, की आतलं सगळं काम होतं. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा आणि समजा, तिथं 'पंधरवडा_बिल' नावाची प्रोसीजर आहे. ती ऊसनोंदीच्या टेबलातून शेतकऱ्याचा प्लॉट, लागणीचा हंगाम आणि जात घेते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, को ८६०३२ की दुसरी कुठली. काट्यावरच्या पावतीतून वजन घेते. दराच्या तक्त्यातून दर घेते. कपातीच्या टेबलातून सोसायटीचं कर्ज आणि शेअर्स वजा करते. मग बँकेला पाठवायची यादी तयार करते.

यात चूक परवडत नाही, कारण मागं कायदा उभा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आहे, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. म्हणजे उतारा ११.७५ धरला तर १५ वेळा ३.४६, ते झाले ५१.९०. क्विंटलला ४०६.९०, टनाला ४,०६९ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हे गणित पावतीगणिक, सभासदागणिक ती एक प्रोसीजर करते.

आता वाहन नंबरचा कॉलम १० अक्षरांवरून १५ केला, आणि प्रोसीजरच्या आत व्हेरिएबल मात्र १० चंच राहिलं, तर एसक्यूएल सर्व्हर काही ओरडत नाही. व्हेरिएबलमध्ये भरताना पुढची पाच अक्षरं गुपचूप कापतो. एमएच ५० च्या एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या मग एकच दिसायला लागतात आणि वाहतूकदाराचं बिल चुकतं. एरर आला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

म्हणून प्रश्न असा: ही प्रोसीजर कुठल्या टेबलांना हात लावते? आणि उलट बाजूनं, या टेबलाला कुठल्या प्रोसीजर्स हात लावतात?

मॅनेजमेंट स्टुडिओत प्रोसीजरवर राइट क्लिक करून 'व्ह्यू डिपेन्डन्सीज' बघता येतं. एका नजरेसाठी ठीक आहे. जुनी मंडळी 'एसपी अंडरस्कोर डिपेन्ड्स' वापरायची. तिच्यात एक मोठी खोट आहे. एसक्यूएल सर्व्हर प्रोसीजर बनवताना आतलं टेबल अस्तित्वात आहे की नाही याचा हट्ट धरत नाही, नाव नंतर सोडवतो. त्यामुळे आधी प्रोसीजर बनली आणि टेबल मागाहून आलं, तर जुन्या पद्धतीत त्या नात्याची नोंदच व्हायची नाही. यादी अर्धवट, आणि ती अर्धवट आहे हे सांगणारं कुणी नाही.

२००८ च्या आवृत्तीपासून हे सुधारलं. 'सिस डॉट एसक्यूएल अंडरस्कोर एक्स्प्रेशन अंडरस्कोर डिपेन्डन्सीज' नावाचा व्ह्यू आला. यात नातं नावानं नोंदलं जातं, त्यामुळे टेबल नंतर आलं तरी चालतं. यातून सिलेक्ट करा, 'रेफरन्सिंग आयडी'च्या जागी आपल्या प्रोसीजरचा ऑब्जेक्ट आयडी द्या, म्हणजे टेबलांची नावं समोर येतात. उलटं शोधायचं तर 'रेफरन्स्ड एन्टिटी नेम'च्या जागी टेबलाचं नाव द्या.

इथं एक बारीक पण महत्त्वाचं. बरेच जण 'रेफरन्स्ड आयडी'वर जॉइन लावतात. तो कॉलम काही वेळा नल असतो. टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये असेल तर नल. टेबल सध्या नसेल तर नल. आतून दुसऱ्या प्रोसीजरला स्कीमाचं नाव न लावता हाक मारली असेल तरीही नल. इनर जॉइन लावला की या ओळी गळतात, आणि धोका नेमका त्याच ओळींत असतो. कारखान्यात ऊसविभागाचा डेटाबेस वेगळा आणि अकाउंट्सचा वेगळा असेल तर कपातीचं टेबलच यादीतून जाईल. म्हणून नावावरूनच वाचा. 'रेफरन्स्ड डेटाबेस नेम' हा कॉलमही सोबत घ्या.

कॉलमपर्यंत जायचं असेल तर 'सिस डॉट डीएम एसक्यूएल रेफरन्स्ड एन्टिटीज' हे फंक्शन आहे. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: स्कीमासकट प्रोसीजरचं नाव, म्हणजे 'डीबीओ डॉट पंधरवडा_बिल', आणि 'ऑब्जेक्ट' हा शब्द. स्कीमा विसरलात तर रिकामा निकाल येईल आणि तुम्हाला वाटेल की काही अवलंबूनच नाही! हे फंक्शन कुठला कॉलम नुसता वाचला आणि कुठला बदलला हेही सांगतं. वाहन नंबरच्या प्रश्नाला हेच नेमकं उत्तर आहे. कधी कधी ते २०२० क्रमांकाचा एरर देतं. त्याचा अर्थ असा की आतल्या एखाद्या ओळीतला कॉलम त्याला सोडवता आला नाही. बऱ्याचदा त्याचं कारण म्हणजे कुणीतरी पूर्वीच टेबल बदललंय आणि प्रोसीजर तशीच राहिलीय. हा एरर बघून वैतागू नका, तो फुकटात मिळालेला तपासणी अहवाल आहे.

आता थोडं नदीकडं येऊ. सांगलीत पाऊस लागला की सगळ्यांची नजर आयर्विन पुलाच्या पातळीवर असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ती पातळी कृष्णेची, हे खरंच आहे. पण कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळालेली असते, ब्रह्मनाळला येरळा. कोयना धरणातून किती सोडलं हे न बघता नुसती कृष्णा बघून सांगलीचा अंदाज बांधता येत नाही. प्रोसीजरचंही तसंच. पंधरवडा_बिल थेट चार टेबलं बघते. त्यातलं एक टेबल नसून व्ह्यू असतो आणि व्ह्यूच्या मागं आणखी तीन टेबलं असतात. शिवाय ती आतून 'कपात_काढ' नावाच्या दुसऱ्या प्रोसीजरला बोलावते, आणि तिची टेबलं वेगळी. एका पायरीचं उत्तर घेऊन थांबलात तर कोयना विसरलात असं समजा. एक रिकर्सिव्ह सीटीई लिहा: सापडलेल्या प्रत्येक नावाला पुन्हा तोच प्रश्न, खाली नुसती टेबलं उरेपर्यंत. सिनोनिम दिसला तर 'सिस डॉट सिनोनिम्स'मध्ये त्याचं मूळ नाव बघा.

आणि ट्रिगर! प्रोसीजर पावतीच्या टेबलात एक ओळ घालते आणि त्या टेबलावरचा ट्रिगर लॉगच्या टेबलात दुसरी ओळ घालतो. प्रोसीजरच्या यादीत लॉगचं टेबल येणारच नाही, कारण ते नातं ट्रिगरच्या नावावर आहे. ज्या टेबलांत लिहिलं जातं त्यांचे ट्रिगर वेगळे तपासावे लागतात.

आतापर्यंतचं सगळं सोपं होतं असं म्हणायला लावणारी गोष्ट म्हणजे डायनॅमिक एसक्यूएल. गळीत हंगाम बदलला की नवं टेबल काढायची सवय काही सिस्टीममध्ये असते: पावती_२४२५, पावती_२५२६. प्रोसीजर हंगाम पॅरामीटर म्हणून घेते, टेबलाचं नाव तुकडे जोडून तयार करते आणि तो मजकूर चालवते. डेटाबेसच्या दृष्टीनं प्रोसीजरमध्ये टेबल नाहीच, नुसती अवतरणातली अक्षरं आहेत. म्हणून वरच्या कुठल्याही यादीत ते दिसणार नाही. मला स्वतःला ही पद्धत अजिबात आवडत नाही. एकाच टेबलात हंगामाचा कॉलम ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता. पण समोर आहे ते आहे.

इथं पहिला उपाय म्हणजे मजकुरात शोधणं. 'सिस डॉट एसक्यूएल मॉड्यूल्स'मधल्या डेफिनिशन कॉलमवर लाइक लावा आणि नावाचा तुकडा शोधा. 'इन्फर्मेशन स्कीमा डॉट रूटीन्स' वापरू नका, तिथं पहिली ४००० अक्षरंच मिळतात आणि बिलाची प्रोसीजर त्याहून लांब असते. लाइकमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे त्याला चौकटी कंसात घाला. या शोधात कॉमेंटमधली जुनी नावंही येतील, ती डोळ्यांनी वगळायची.

दुसरा उपाय कमी लोक वापरतात. टेस्ट कॉपीवर एक साधा युजर बनवा. त्याला त्या प्रोसीजरवर फक्त एक्झिक्यूटची परवानगी द्या, टेबलांवर काहीही नाही. प्रोसीजर आणि टेबलांचा मालक एकच असेल तर सरळ लिहिलेली टेबलं चालून जातात, त्यांची परवानगी वेगळी तपासली जात नाही. डायनॅमिक मजकूर मात्र हाक मारणाऱ्याच्या परवानगीनं चालतो. म्हणून तिथं प्रोसीजर अडते आणि एररमध्ये टेबलाचं नाव सांगते. त्या टेबलाची परवानगी द्या, पुन्हा चालवा, पुढचं नाव मिळेल. प्रोसीजरवर 'एक्झिक्यूट ॲज' लावलं असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथं एक्स्टेंडेड इव्हेंट्स लावून प्रत्यक्ष चाललेली स्टेटमेंट्स पकडावी लागतात, आणि तीही फक्त त्या वेळी जी वाट चालली तिचीच. खोडव्याची फाटी तपासायची असेल तर खोडव्याची पावती घालूनच चालवा.

डेटाबेसच्या बाहेरचं डेटाबेसला माहीत नसतं. एजंटचा रात्री चालणारा जॉब, गट ऑफिसमधली एक्सेल शीट, क्रिस्टल रिपोर्ट, चिटबॉयच्या मोबाइलमधलं ॲप यांतलं काहीच या व्ह्यूंमध्ये नाही. जॉबच्या पायऱ्या एमएसडीबीतल्या 'सिस जॉब स्टेप्स'मध्ये मजकूर म्हणून शोधता येतात. एक्सेल कुणाकडं आहे ते विचारत फिरावं लागतं.

दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर थोडक्यात. ओरॅकलमध्ये 'युजर डिपेन्डन्सीज' हा व्ह्यू बरंच सांगतो, आणि टेबल बदलल्यावर त्यावरची प्रोसीजर इनव्हॅलिड होऊ शकते, म्हणजे निदान कळतं. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचं अंग नुसता मजकूर म्हणून ठेवतात, त्यामुळे आतल्या टेबलांची नोंद राहत नाही. १४ व्या आवृत्तीपासून 'बिगिन ॲटॉमिक' पद्धतीनं लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनची मात्र राहते. मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजरसाठी अशी यादी नाही, तिथं मजकुरातच शोधायचं.

वाहन नंबरच्या कामाला बसलात तर आधी टेबलाच्या बाजूनं उलटा शोध घ्या, मग प्रत्येक प्रोसीजरमधली व्हेरिएबल्स आणि टेम्प टेबलांची लांबी बघा. टेम्प टेबलं कुठल्याच यादीत येत नाहीत आणि तिथंही कॉलम १० चाच लिहिलेला असतो. आणि हे सगळं काटा चालू असताना लाइव्ह सर्व्हरवर नको, कॉपीवर करा. पुढच्या भागात तो रिकर्सिव्ह सीटीई ओळ न् ओळ सोडवू. तोपर्यंत तुमच्याकडं याहून अवघड प्रोसीजर असेल तर पाठवा, शेतकऱ्यांची नावं काढून!