घरातील पाकट : समजुती आणि वस्तुस्थिती

कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला पाकटाची ओळख करून द्यावी लागत नाही. जाळ्यातून ते होडीत पडले की कोळ्याची नजर आधी त्याच्या शेपटीवरील काट्याकडे जाते आणि मगच माशाकडे. परंतु शोभेच्या माशांच्या दुकानांतून काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरविणारी, बशीएवढी जी पाकटे अलीकडे विक्रीस दिसतात, त्यांचे मूळ वतन आपला समुद्र नव्हे. पिवळसर-नारिंगी वलयांचे ‘मोटोरो’ हे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनसारख्या नद्यांच्या विस्तीर्ण खोऱ्यांतले, तर ठिपकेवाले ‘लिओपोल्डी’ हे ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्यातले. आणि हा भेद ध्यानात न घेता समुद्रातील पाकटाचे सर्व गुणधर्म या नदीवासी प्राण्यावर सरसकट लादल्यामुळेच त्याच्याविषयीच्या कित्येक गैरसमजांचा उगम झाला आहे.

पाकट म्हटले की पाण्यात मीठ हवेच, ही समजूत त्यांपैकीच एक. समुद्रातील पाकटे आणि मुशी आपल्या रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात, हे खरे. परंतु नदीतील या कुळाने ती शक्ती उत्क्रांतीच्या दीर्घ ओघात गमावलेली आहे. थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली या पाकटांच्या रक्तातील युरियाचे प्रमाण अत्यल्प असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून या बाबतीत संशयाला जागा उरलेली नाही. त्यामुळे नदीचे पाकट समुद्राच्या पाण्यात जगत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरचे पाकट हौसेने गोड्या पाण्याच्या टाकीत आणून सोडले, तर त्याचीही तीच गत होते.

दुसरी समजूत भीतीची. प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचा 2006 साली ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात पाकटाचा काटा छातीत घुसून मृत्यू झाला, आणि तेव्हापासून हा प्राणी मारेकरी असल्याची भावना लोकांत दृढ झाली. वस्तुतः काटा हे शिकारीचे नव्हे, केवळ आत्मरक्षणाचे साधन आहे; पाय पडला, जाळ्यात कोंडी झाली किंवा कोणी हाताने दाबून धरले, तरच त्याचा उपयोग होतो. मात्र या भीतीची जी उलट बाजू दुकानदार मोठ्या खुषीने सांगतात, की घरात वाढलेले पाकट माणसाळते आणि काटा छाटून टाकला म्हणजे काळजीच मिटते, ती मला अधिक घातक वाटते. हातातून कोळंबी घेणारे पाकटही दचकले की शेपूट फिरवते; काटा झडून त्याच्या जागी नवा येणे हा तर त्याचा निसर्गक्रमच आहे, तेव्हा छाटण्याने प्राण्याला जखम होते आणि मालकाला खोटा धीर मिळतो, एवढेच. टाकीत हात घालण्यापूर्वी पाकट कोठे आहे हे पाहावे, वाळूत दडलेले असेल तर दुप्पट जपावे, आणि त्यास हलविण्याची वेळ आलीच तर, काटा जाळीत अडकतो म्हणून, जाळीऐवजी पसरट टब पाण्यात बुडवून त्यात त्याला हळूहळू वळवून घ्यावे.

इतकेही करून काटा लागलाच, तर बर्फ लावण्याचा मोह टाळावा. काट्यातील विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून जखमी भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे 45 अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, आणि पाणी किती गरम आहे याची परीक्षा निरोगी हाताने करावी, कारण वेदनेने व्याकुळ झालेल्या हाताला भाजल्याचेही भान राहत नाही. त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये: काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, धनुर्वाताच्या लसीचा प्रश्न असतो, आणि नदीतील पाकटांच्या विषाने जखमेभोवतीचे मांस सडण्याचा धोका विशेष असतो.

टाकीविषयी तर अज्ञानाचा कळसच आहे. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, हे विधान कोणत्याही माशाच्या बाबतीत खोटे आहे. पाकटाच्या बाबतीत ते क्रूर आहे. बशीएवढे आणलेले पिल्लू दीड-दोन फूट व्यासाचे होते, आणि त्याला उंचीची नव्हे, रुंदीची दरकार असते. आठ फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट उंच टाकी काठोकाठ भरली, तर पाणीच 1,800 लिटरच्या घरात जाते, म्हणजे काच आणि घडवंची सोडूनच पावणेदोन टनांहून अधिक भार. तिसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यात ही तजवीज करू पाहणाऱ्याने आधी इमारतीच्या अभियंत्याची गाठ घ्यावी. तळाशी अणकुचीदार खडे नकोत, बारीक वाळू असावी. आणि पाणी तापविण्याचा हीटर उघडा ठेवू नये, कारण त्याला अंग टेकून पडून राहिल्याने पाकटे भाजतात.

पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते शुद्ध आहे, असेही नव्हे. पाकट पुष्कळ खाते आणि तितकीच घाण करते. त्यातून निघणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचे रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत नांदू लागण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोवर पाकट आणण्याची घाई करू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याखेरीज ते टाकीत घालू नये, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. काचेला चिकटून वर चढणाऱ्या पाकटाच्या पांढऱ्या पोटावर दिसणारा ‘हसरा चेहरा’ पाहून मुले खूष होतात. पण त्यातले डोळे म्हणजे नाकपुड्या असतात, खरे डोळे पाठीवर, आणि त्यांच्यामागे श्वासासाठी उघडझाप करणारी दोन छिद्रे. त्या लोभस चेहऱ्यापेक्षा त्याच्या कडांकडे लक्ष द्यावे. निरोगी पाकटाची कड सपाट असून मंद लाटेप्रमाणे हलते. ती वर वळून ताठ राहू लागली, तर पाणी त्याच दिवशी तपासावे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंच्या कूर्चा वर दिसू लागल्या, तर ते उपाशी आहे.

परवान्याची भानगड नाही, हेही विक्रेत्याचे बोलणे पारखून घ्यावे. लिओपोल्डीसह या कुळातील काही जातींचा 2022 साली पनामा येथील परिषदेत वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. तेव्हा खरेदीची पावती आणि मुळाचा दाखला मागून घ्यावा. सांभाळणे जमेनासे झाले, तर पाकट विक्रेत्याकडे किंवा ते ठेवू शकणाऱ्या मत्स्यालयाकडे द्यावे, तलावात कदापि सोडू नये. सिंगापूरच्या जलाशयांत असे सोडलेले मोटोरो आज तेथे पिल्ले घालीत आहेत.