बिघाडाची परस्पर जाणारी वर्दी

श्रोतेहो, जिंतूरकडचे एखादे गुरुजी रात्री घरच्या संगणकावर मुलांची यादी भरत बसले आहेत असे समजा. नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक. एवढ्यात पडदा थिजतो, प्रोग्राम बंद पडतो. गुरुजी कपाळाला हात लावतात. आणि तेवढ्या वेळात काय बिघडले याची वर्दी संगणकाने परस्पर कंपनीकडे धाडलेली असू शकते.

यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. विहिरीवरची मोटार जळाली तर मिस्त्रीला सांगावेच लागते ना! २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हापासून ही सोय आहे. त्या वेळी निदान ‘पाठवू का?’ असे विचारणारी चौकट समोर येई. ठिकठिकाणाहून सारखीच तक्रार गेली म्हणजे कारागिरांना दोष सापडतो, हे खरेच. पण बिघाडाच्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत जे असेल त्याचा काही भागही या वर्दीबरोबर जाऊ शकतो. उघड्या फाईलमधला मजकूर नकळत जाऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच सांगते. मिस्त्रीला स्टार्टर दाखवावा, घरचे कपाट कशाला उघडावे? शिवाय ती माहिती गुरुजींची नव्हे, लेकरांची. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला.

आता उपाय. विंडोज ११ असेल तर ‘सेटिंग्ज’ उघडा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जा, तिथे ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’ सापडेल. त्यातले ‘सेंड ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा’ हे बटण बंद करा. झाले! आधी गेलेली माहिती पुसायचे बटणही त्याच पानावर खाली आहे. मात्र थोडी आवश्यक माहिती तरीही जातच राहते. घरगुती विंडोजमध्ये ती थांबवता येत नाही. उबुंटू असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’त ‘डायग्नॉस्टिक्स’ पाहा आणि ‘नेव्हर’ निवडा. फायरफॉक्स बंद पडला तर तो स्वतःची वेगळी चौकट दाखवतो. तिथली बरोबरची खूण काढली की वर्दी जात नाही.

कोणी हुशार पोरगा ‘सर्व्हिसेस’मध्ये शिरून वर्दीची सेवाच बंद करून देईल. ते टाळावे, बरं का. त्याच सेवेतून दुरुस्तीच्या नोंदीही तयार होतात. पुढे दुरुस्ती करणारा आला तर त्याला पाहायला काही उरणार नाही. आणि शाळेच्या संगणकावर ते बटण फिकट दिसून दबत नसेल, तर ते वरूनच बांधलेले आहे असे समजा व मुख्याध्यापकांना विचारा.